अडकलेली पुंगळी

प्रिय स्वरदा,

फोन वाजला की तू तो कापतेस. कागदाला तसं बटण नसतं, म्हणून हा कागद. बिलासपूरच्या तुझ्या खोलीवर पोस्टमन येईल, तू पाकीट घेशील, आणि एकदा हातात आलं की फाडून टाकायच्या आधी तू ते वाचशीलच. दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायची खोड तुला माझ्याकडूनच आली आहे, ती काय एवढ्यात जाते?

अक्षर ओळखलंस ना? हव, तुझा बापच लिहून राहिला आहे. ट्रायलच्या दिवसापासून तू ज्याच्याशी बोलत नाहीस, तोच. एरवी माझी पत्रं शेजारची अपर्णा लिहून देते. छान गोल अक्षर काढते, आणि मध्येच आपल्या मनाने 'तब्येतीची काळजी घे' असंही घुसडते. आजही ती पेन घेऊन आली होती. मी तिला पोहे खाऊ घातले आणि परत पाठवली, आणि शेखरला चष्मा लावून समोर बसवला. काहून, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर हा खुर्चीवरून उठेल. बघ, हे लिहितानाच त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. वर पाहू नको शेखर, कागदाकडे पाहा, ओळ वाकडी जाते.

मी 'मले' म्हटलं की हा 'मला' लिहितो, 'तुले' म्हटलं की 'तुला'. रेल्वेत जन्मभर साहेबांना अर्ज लिहून हाताला वळण पडलं आहे. भाषा सुधारायची तर सुधारू दे, पण मजकूर सुधारला तर खबरदार. मला वाचता येत नाही, तरी पाकीट चिकटवायच्या आधी अपर्णा सगळं मोठ्याने वाचून दाखवणार आहे, हे मी त्याला बसतानाच सांगून ठेवलं. जिला अक्षर येत नाही तिला माणसांवर लक्ष ठेवावं लागतं.

आता त्या रविवारचं बोलू. तुला आठवायचं नसेल. पण मी तिथे होते, आणि माझ्या आठवणीला तुझी परवानगी लागत नाही. अभनपूरच्या रस्त्यावरचं नेमबाजी क्लबचं ते लाल मुरमाचं मैदान. पत्र्याच्या शेडखाली तुम्ही सगळे रांगेत, आणि मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी, कानात कापूस घालून. समोर पाच लोखंडी पाट्या उभ्या. ज्याच्या पाट्या भराभर पडतील तो जबलपूरच्या स्पर्धेला जाणार. तुझ्या हातात क्लबची ती जुनी बावीस बोअरची रायफल. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने ही रायफल रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढची गोळी आपली आपण आत घेते. तू हे मला पहिल्यांदा समजावलंस तेव्हा मी म्हटलं होतं, मग ही तर पंगत झाली. जेवला तो उठला, पत्रावळ उचलली, दुसरा बसला, वाढणाऱ्याने नुसतं वाढत राहायचं. तू हसलीस, आणि पुढे क्लबमधल्या नव्या पोरींना तसंच शिकवायला लागलीस. माझं नाव न सांगता. ते मला क्लबची हत्यारं सांभाळणाऱ्या प्रतापकडून कळलं.

तर त्या दिवशी पहिली पाटी पडली, आणि मग जेवलेला पाहुणा उठेचना. पुंगळी आतच बसून राहिली, मागून आलेली गोळी तिच्या पाठीवर आपटली, आणि रायफल मुकी झाली. तू गडबडली नाहीस. नळी पाट्यांकडेच धरून ठेवलीस, बोट घोड्यावरून काढलंस, हात वर केलास. प्रताप आला, मॅगझीन काढलं, पुंगळी उकरून काढली. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. आणखी एकदा, आणखी तेच. बाकीच्यांच्या पाट्या पडून पुन्हा उभ्यासुद्धा झाल्या होत्या. तुझ्या जागी मी असते तर रायफल मुरमात आपटली असती. तू शेवटपर्यंत तिला तान्ह्या लेकरासारखी धरलीस.

आणि तेव्हा सेक्रेटरी साहेबांनी माईक हातात घेतला. 'हथियार की सफाई नहीं करेंगे तो हथियार इज्जत थोड़े ही रखेगा. लड़कियां फोटो खिंचवाने आ जाती हैं.' शेडमध्ये हशा झाला. तू रायफल टेबलावर ठेवलीस, बोल्टची मागची सरकती खिटी उघडी ठेवून, नियमाप्रमाणे. मग वळून एकदा बापाकडे पाहिलंस. एकदाच. मी ते पाहिलं. तुझा बाप बुटाच्या टोकाकडे बघत होता. लिही शेखर, बुटाच्या. ते काळे रेल्वेचे बूट, जे रिटायर झाल्यावरही तू सोडत नाहीस.

त्याच संध्याकाळी तू गाडी पकडून निघून गेलीस, आणि तुझ्या आईला, मंजिरीला, फक्त एवढं म्हणालीस की आता क्लबचं नाव काढू नका, मी पुन्हा हात लावणार नाही. मंजिरीने तुझे डोक्यावरचे, गोळीचा आवाज अडवणारे कानाचे भोंगे कपाटात ठेवून दिले. मी ते काढून खुंटीला टांगले. अजून तिथेच आहेत, जाता-येता माझ्या डोक्याला लागतात.

तू गेलीस, पण मी कुठे गेले होते? दोन दिवस शेखरच्या मागे लागले, तेव्हा त्याने स्कूटर काढली. रस्ताभर म्हणत होता, आई, मोठ्या लोकांशी वाद घालू नये, आपण परगावची माणसं. मी म्हटलं, आर्वीहून लग्न होऊन या रायपुरात आले तेव्हा इथल्या चौकांना नावंसुद्धा नव्हती, मी कुठली परगावची? परगावचा तो सेक्रेटरी, तो तर आत्ता आत्ता आला.

माझा पहिला संशय गोळ्यांवर होता. तूच सांगितलं होतंस की या बारक्या गोळीच्या शिशावर मेणाचा हात असतो. आता क्लबचं गोळ्यांचं कपाट पत्र्याला टेकून उभं, आणि आपल्या रायपूरचं ऊन म्हणजे काय विचारू नको. मेण पाघळलं, चिकट झालं, पुंगळीला नळीच्या तोंडाशी चिकटवून बसलं, असं माझं पक्कं मत. गुळाची ढेप उन्हात ठेवली की कागद निघत नाही, तसं. मी सेक्रेटरीच्या टेबलासमोर बसून हे सगळं सुनावलं. ते म्हणाले, 'माताजी, ये रसोई का मामला नहीं है.' मी म्हटलं, 'रसोई में तो साहब, भाजी को खराब बोलने से पहले चखते हैं. आपने चखी क्या?' प्रताप दाराशी उभा होता, त्याला एकदम खोकला आला.

मग झाली परीक्षा. जुन्या डब्यातल्या गोळ्या खरंच चिकट निघाल्या, आणि पुंगळ्या अडकल्या. मी पदर सावरून बसले. मग प्रतापने दुसऱ्या कंपनीचा, जरा जोरकस धक्क्याचा, तेव्हाच फोडलेला डबा आणला, गोळ्या कोरड्या, स्वच्छ. पुंगळ्या थोड्या कमी अडकल्या, पण अडकल्याच. म्हणजे माझं मत चार आणे खरं आणि बारा आणे खोटं. सेक्रेटरी इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. चहा चांगला होता. हरलेल्या बाईला पाजतात तसा नव्हता, आलं घातलेला.

तरी मी म्हटलं, थांबायचं नाही, पुढची गोष्ट बदला. आणि एका वेळी एकच बदला. कुकरची शिटी होत नसेल तर डाळ, रबर आणि शेगडी एकाच दिवशी बदलली की गुन्हेगार कोण ते जन्मात कळत नाही. प्रतापला हे पटलं. त्याने गोळ्या त्याच ठेवल्या आणि मॅगझीन बदललं. तेच. मग म्हणाला, 'दादी, मेरा दिल बोलता है स्प्रिंग गई.' त्याच्या दिलाचं पण माझ्या गुळाच्या ढेपेसारखंच झालं. स्प्रिंग ठणठणीत निघाली.

पण ती स्प्रिंग काढताना त्याला खरं ते दिसलं. बोल्टच्या तोंडाशी एक बारका आकडा असतो, तो पुंगळीला बुडाच्या काठाशी पकडतो आणि मागे ओढतो. आपण गरम ताट काठाला धरून उचलतो, तसाच. प्रतापने अडकलेली एक पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. काठावर ओरखडा होता, पण बारीकसा, निसटता. म्हणजे आकड्याने हात घातला होता, पण पकड बसली नव्हती. का बसली नव्हती? आकड्याच्या मागच्या खाचेत काळा चिखल ठासून भरला होता. डांबरासारखा. त्यामुळे आकडा आत झुकेचना. प्रतापने सुईने तो उकरून पांढऱ्या फडक्यावर काढला, आणि का कोण जाणे, आपला चुंबकाचा पेचकस त्याच्याजवळ नेला. तो चिखल उभा राहिला, गं. मांजराच्या अंगावरचे केस राहतात तसा.

तेलात लोखंड होतं. कुठून आलं लोखंड? प्रतापने नळीतून उजेडाकडे पाहिलं, म्हणाला नळी तर चांगली दिसते. पण सेक्रेटरींना उत्तर मिळालं होतं. 'मतलब लड़की ने घिस डाली. क्लब की रायफल बरबाद कर दी.' आधी तू घाणेरडी होतीस, आता नासधूस करणारी झालीस. म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो, पुन्हा तिला हत्यार द्यायचं का ते ठरवू. तेव्हा मी काय केलं ते ऐक. मी काहीच केलं नाही. मी त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवरून उठलेच नाही. त्यांना कुलूप लावायचं होतं, जेवायला जायचं होतं. एकदा हसून म्हणाले, एकदा न हसता म्हणाले, मग शेखरला म्हणाले की आपल्या आईला समजवा. मी पुंगळीसारखी बसून राहिले. मला उकरून काढायला प्रतापच्या सुईनेसुद्धा जमलं नसतं. शेवटी कबूल झाले. एक रविवार सोडून पुढच्या, म्हणजे आता येणाऱ्या रविवारी, सगळ्यांसमोर, तीच रायफल साफ करून, नव्या गोळ्या भरून, तुझ्या हातात. चालली तर जबलपूरच्या जागेचा पुन्हा विचार होईल. पण लोखंड कुठून आलं त्याचा जबाब तुलाच द्यावा लागेल, असंही म्हणाले.

या सगळ्या वेळात तुझा बाप भिंतीला टेकून उभा होता. चुंबकावर तो चिखल उभा राहिला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुढे बोलायचं थांबवलं.

आता आपल्या गच्चीचं सांगते. तू म्हणशील मध्येच गच्ची काय. बीरगांवात राहणाऱ्या बाईच्या प्रत्येक गोष्टीत गच्ची येतेच. सकाळी झाडली तरी दुपारी पाय काळे. उरला गावचे आणि सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने जे वर सोडतात ते आपल्या पापडांवर, वाळवणावर, तुळशीवर येऊन बसतं. तू शाळेत असताना चुंबक घेऊन वर जायचीस, आणि गच्चीतून मिशा गोळा करून आणायचीस. चुंबकाला त्या काळ्या मिशा लावून मला घाबरवायचीस. मी घाबरायचं नाटक करायची. आठवतं? मला त्या दिवशी क्लबमध्ये तेच आठवलं. आणि मला आठवलं तर त्याला आठवलं नसेल?

पेन जरा हळू झालं आहे. चालू दे शेखर, मला घाई नाही, हातपण दुखत नाही, तुझा दुखतो.

तुझ्या बापाचा देव तेल आहे, हे मी तुला काय सांगायचं. वॅगन शॉपमध्ये, रेल्वेचे मालडबे दुरुस्त करण्यात, जन्म काढला, घरात काही कुरकुरलं की याची कुप्पी आलीच. दाराच्या कड्या, माझी शिवणाची मशीन, तुझी तीनचाकी. पंख्याला एकदा इतकं तेल पाजलं की तुझ्या मावशीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या टकलावर थेंब पडला. तरी लग्न जमलं, पाहुण्याला वाटलं शुभशकुन आहे. याला कुणाला 'शाब्बास' म्हणता येत नाही, स्वरदा. याच्या बापालाही म्हणता येत नव्हतं. रामकृष्णराव खूश झाले की सुपारी जास्त बारीक कातरायचे, त्यावरून मी ओळखायची. हा तेल लावतो. तू पहिल्यांदा क्लबमध्ये पाची पाट्या पाडून आलीस तेव्हा मंजिरीने शिरा केला, मी दृष्ट काढली, आणि हा गुपचूप आपल्या जुन्या खाकी शर्टाच्या चिंध्या फाडत बसला.

तेव्हापासून ते सुरू झालं. दर शनिवारी, तू बिलासपूरहून घरी यायच्या आधी, हा चिंध्या तेलात बुडवायचा, पिळायचा, आणि गच्चीच्या कठड्यावर मांडायचा. उन्हात तेल धाग्या-धाग्यात मुरतं, असं वॅगन शॉपमध्ये शिकला होता. संध्याकाळी घड्या घालून तुझ्या पिशवीत. तू तोंड वाकडं करायचीस, बाबा इतकं तेल लागत नाही, दोन थेंब पुरतात. पण तू वापरायचीस. दर वेळी, प्रत्येक खाचेत. कारण तुलाही माहीत होतं की ती चिंधी म्हणजे काय आहे. बोलायचं तुम्हा दोघांनाही जमत नाही, फक्त तुझा आवाज मोठा आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

कठड्यावर तेलाची ओली चिंधी, आणि वरून दिवसभर लोखंडाचा भुगा पडणारा. पुढचं मी सांगत नाही. रायफल कुणी झिजवली नाही. तिला इतकं साफ केलं की ती घुसमटली.

क्लबमधून आलो त्या दिवसापासून कठड्यावर चिंध्या नाहीत. कुप्पी तांदळाच्या पिंपामागे लपवलेली मला सापडली. मी विचारलं नाही. वाट पाहिली, की हा जेवताना बोलेल, चहाला बोलेल. हा जेवला, चहा प्यायला, पेपर वाचला. दाराची कडी कुरकुरते आहे, तीही तशीच कुरकुरू दिली.

आता तुझ्याशी भांडते. तू त्या सेक्रेटरीवर चिडलीस, बापावर चिडलीस, बरोबर केलंस. पण निघून काहून गेलीस? मला बघ. मी अंगठाबहाद्दर. आर्वीला असताना माझ्या भावाच्या पाटीवर मी एकदा रेघ ओढली, तर आजीने हात धुवायला लावले होते, जणू शेण लागलं. मग मीही म्हटलं, ठेवा तुमची पाटी. पण जन्मभर एक नियम पाळला. जिथे अंगठा लावायचा तिथे आधी विचारायचं, की बाबा यात काय लिहिलं आहे, मोठ्याने वाच, आणि दुसऱ्याला बोलावून त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्यायचं. तुझे आजोबा गेल्यावर पेन्शनच्या बाबूने वैतागून म्हटलं, 'अम्मा, लगा दो ना, सब लगाते हैं.' मी शाई पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, वाचणारा सोबत घेऊन. आणि तू? इतकी शिकलेली पोट्टी, विम्याच्या कंपनीत लोकांना सांगतेस की सही करायच्या आधी बारीक अक्षर वाचा. आणि तो माणूस माईकवर जे बोलला त्यावर न वाचता अंगठा लावून बिलासपूरला निघून गेलीस. रायफल सोडायची असेल तर सोड. नको वाटत असेल, कंटाळा आला असेल, खुशाल सोड, मी तुझे भोंगे काढून त्यांत लसूण ठेवीन. पण तो म्हणाला म्हणून सोडू नको. त्याच्या तोंडच्या निकालावर तुझा ठसा उमटलेला मला चालणार नाही.

आणि तू येणारच असशील तर ऐक, हे प्रतापने सांगितलं आहे आणि मी पाठ केलं आहे. चिंधी कोरडी, घरातल्या डब्यात झाकून ठेवलेली. ती मी केली आहे, माझ्या जुन्या सुती लुगड्याची, धुऊन आत स्वयंपाकघरात वाळवलेली. आकड्याच्या मागे दर वेळी सुई फिरवायची. तेल एक थेंब, तोही पुसून. गोळ्या एकाच डब्यातल्या, आणि डबा उन्हात ठेवायचा नाही. आणि तरी अडकली तर तू त्या दिवशी केलंस तेच करायचं, नळी समोर, हात वर. त्यात तुझं काहीच चुकलं नव्हतं, हे त्या मैदानावर कुणीतरी मोठ्याने म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणणार होते, पण कानात कापूस होता, माझाच आवाज मला ऐकू आला नसता.

आता अपर्णाला काहून परत पाठवलं ते. मी आत्ता थोड्या वेळापूर्वी शेखरला म्हटलं, पुढची ओळ लिही: 'बेटा, त्या चिंध्या मी वाळत घालत होतो.' त्याने पेन खाली ठेवलं. उठला, माठातलं पाणी प्यायला, दाराची कडी उगाच उघडून लावली, ती कुरकुरली. मला वाटलं गेला हा. पण आला परत. हा कागद बाजूला सारला आणि दुसरा कागद घेतला. मी एक ओळ सांगितली होती, बाई. तो लिहीतच राहिला. माझा चहा झाला, तांदूळ निवडून झाले, अपर्णा दारात डोकावून गेली, याचं पेन चालूच. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मी त्याच्यासमोरच बसले होते, त्याच्या हातापासून वीतभर दूर, आणि तो अगदी निवांत लिहीत होता, कारण या घरात मी एकटीच अशी आहे जिच्यासमोर काहीही लिहावं. अक्षर न येण्याचा मला जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. तो कागद घडी घालून याच पाकिटात टाकला आहे. अपर्णाला तो वाचायला देणार नाही, मीही विचारलं नाही. नंतर हा परत या कागदाकडे आला आणि स्वतःच म्हणाला, आई, पुढे लिहू का, की रविवारी मी क्लबमध्ये जाणार आहे, माईक मागून घेणार आहे, आणि सोबत गच्चीवरची धूळ आणि चुंबक नेणार आहे. जन्मभर साहेबांसमोर मान खाली घालणारा माणूस म्हणतो, माईक मागून घेणार. मी म्हटलं, लिही. तू आलीस तर तो तुझ्या शेजारी उभा राहून बोलेल, नाही आलीस तर एकटा बोलेल. मी मागे खुर्चीवर असेन. कापूस नेणार नाही. त्याच्या तोंडून ते निघताना मला ऐकायचं आहे.

तुझीच,
खुर्चीवरून न उठणारी
विनोदिनीआजी

खालचा निळा ठसा माझा. या कागदावर काय लिहिलं आहे ते दोनदा वाचून घेतलं, मग लावला. दुसऱ्या कागदावर लावलेला नाही, तो कागद तुम्हा दोघांचा.